हस्ताक्षरातून घडवलेले केळुसकर

दिनांक १२ जून २०७१ रोजी, सह्यगिरी विद्यापीठाच्या अभिलेखागारात, दिवंगत जीवशास्त्रज्ञ डॉ. मिहिर केळुसकर बोलू लागले. केळुसकर दांपत्याचे सारे कागद वाचून यंत्राने मिहिर यांची बुद्धी नव्याने घडवली होती. शेवाळाच्या पेशींविषयीचे ते विवेचन ऐकताना त्यांच्या पत्नी ऋजुताबाई यांचा संताप अनावर झाला, कारण पतीच्या आवाजात बाईंची स्वतःची वाक्ये उमटत होती.

“अहो कानविंदे, सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता मी सांगायचे आणि हा उतरवून घ्यायचा. हे सगळं माझं आहे!”

“बाई, हस्ताक्षर ज्याचं, बुद्धी त्याची, असा आमचा नियम आहे,” अभिलेखपाल कानविंदे नम्रपणे म्हणाले. “उद्यापासून विद्यार्थी सरांकडेच शिकतील.”

“आणि त्याच्या शंका? त्या तो तोंडीच काढायचा. त्या कुठे आहेत तुमच्या कागदांत?” बाई तरातरा यंत्रासमोर गेल्या. “मिहिर, माझं कोणतं अनुमान तुला चुकीचं वाटलं होतं?”

“एकही नाही, ऋजुता,” यंत्र अदबीने उत्तरले.

ऋजुताबाई कानविंद्यांकडे वळल्या.

“तो माणूस जन्मभर माझ्या एकेका वाक्याला आडवा आला, म्हणून ती वाक्यं टिकली. बंद करा हे. हा मिहिर नाही.”