कुंडी सोडून काहीही

“कूलर कुठी हाये जी?”

गुणवंतराव इंगळ्यांनी पुन्हा घाम पुसला. मे महिन्यात अकोल्यात मुलगी पाहायला आलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्यात त्याची चूक नाही. पंखा भट्टीतली हवा इकडून तिकडे करत होता. खिडकीत कूलरच्या मापाचं रिकामं भोक होतं. त्यातून ऊन आत येत होतं.

दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे जळजळीत पाहिलं. मोतीराम वानखडे पोह्यांच्या ताटलीत पाहू लागले. कूलर गच्चीवर होता. गुलाबांना लावला होता. मागच्या उन्हाळ्यात एक कुंडी वाळली तेव्हा या माणसाने जेवण सोडलं होतं. यंदा त्याने कूलरच वर चढवला. बायको-पोरीला म्हणाला, “आपल्याले घाम तरी येते. त्याइनं काय करावं?”

पाहुणे मोर्शीचे. मुलगा प्रीतम सरकारी नोकरीत. तो मोबाइल पाहत बसला होता. मुलगी प्रियदर्शनी नर्स. दिवसभर लोकांना सुया टोचते, भल्याभल्या पैलवानांना रडवते. आज तिला मान खाली घालून सतरंजीवर बसवलं होतं.

“आमाले काईच नोको,” गुणवंतराव म्हणाले.

काहीच नको म्हणणारी माणसं एकदा मागायला बसली की उठत नाहीत.

“फक्त पोरीच्या सोयीसाठी फ्रिज. डबल डोअरचा.”

“हो जी,” मोतीराम म्हणाले.

“प्रीतमचं अमरावतीले येनं-जानं असते. गाडी लागन. चारचाकी.”

“हो जी.”

“अन् लग्न एसी हॉलमधी. आमचे पाव्हने गर्मी सहन नाई करत.”

“हो जी.”

वर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. खाली फ्रिजची बोलणी. मोतीरामांची मान स्प्रिंग बसवल्यासारखी हलत होती. हाच माणूस दर चौदा एप्रिलला हुंड्याविरुद्ध भाषण ठोकतो. टाळ्याही घेतो.

सकाळीच पोरीने त्यांना बजावलं होतं, “बाबा, त्याइनं काई मांगतलं तं सरळ नाई म्हना. मले इकत घेतलेला नवरा नाई पायजे.” बाप म्हणाला होता, “मी हावो ना!” आता बाप होता, पण नुसता बसलेला होता. पोरीकडे बघतही नव्हता.

प्रियदर्शनी उठली. “काका, कूलर गच्चीवर आहे. तिथंच बसू या का?”

मोतीराम दचकले. “वर कायले? वर पसारा हाये!”

पण पाहुणे जिना चढायलाही लागले होते.

हिरव्या नेटखाली गच्चीभर कुंड्या. कूलर घरघरत होता. खसाचा वास सुटला होता. गुणवंतरावांनी शर्टाची बटणं उघडली आणि ते कूलर अडवून उभे राहिले.

“जरा बाजूले व्हा जी,” मोतीराम कळवळून म्हणाले. “झाडाइले हवा नाई लागून राह्यली.”

मधोमध मोठ्या मातीच्या कुंडीत काळपट लाल गुलाब फुलला होता. त्याचं कलम मोतीरामांनी स्वतः बांधलं होतं. त्याला शेणखत, निंबोळी पेंड, सकाळ-संध्याकाळ पाणी. पानांवर मावा पडला तर ते टूथब्रशने एकेक कीड झाडत. त्या झाडाला ते बेटा म्हणत. पोरीला कधी म्हटलं नव्हतं.

“असा गुलाब आख्ख्या जिल्ह्यात नाही, काका,” प्रियदर्शनी म्हणाली.

गुणवंतरावांनी गुलाब पाहिला. मागून मागून जीभ सैल झाली होती.

“मंग ही कुंडी बी द्या,” ते म्हणाले. “नवरीसंगं गाडीत ठेवून घेऊ.”

मोतीरामांची मान हलायची थांबली.

“काय म्हनलं?”

“कुंडी. ही मोठी.”

“लाज नाई वाटत?” मोतीराम असे ओरडले की शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या पंचफुलाबाई लाटणं घेऊन उभ्या राहिल्या. “माह्या घरात येऊन हुंडा मांगता? फ्रिज पायजे, गाडी पायजे! पोट्टं इकाले काढलं काय? बाबासाहेबानं हेच शिकोलं काय तुमाले? निंगा! आत्ताच्या आत्ता निंगा!”

“अवो, पन फ्रिजले तं तुमीच हो म्हनलं!”

“मले का मालूम तुमी कुंडीवर जासान!”

पाहुणे गेले. प्रीतम सगळ्यात शेवटी गेला. कूलरची हवा खाऊन गेला.

पंचफुलाबाईंनी तिथूनच टाळ्या वाजवल्या. दिवे लागायच्या आत कॉलनीभर झालं, मोतीरामभाऊनं हुंडा मागणाऱ्यांना हाकललं. व्हॉट्सॲपवर ‘स्वाभिमानी बाप’ म्हणून त्यांचा फोटो फिरला. विहारात सत्कार ठरला. मोतीराम सगळ्यांना नम्रपणे म्हणत होते, “तत्त्व म्हंजे तत्त्व.”

“तत्त्व!” दुर्गाबाई भांडी आदळत म्हणाल्या. “पोरगी द्याले निंगाले, गाडी द्याले निंगाले. झाडाचं नाव काढलं तवा याइचं तत्त्व जागं झालं!”

ते मात्र लागलं. मोतीराम गच्चीवर गेले. प्रियदर्शनी त्या कुंडीला झारीने पाणी घालत होती. अगदी हळू, मुळाशी.

“बेटा,” ते म्हणाले. या वेळी पोरीला म्हणाले. “स्थळ गेलं. तुले वाईट तं नाई वाटलं?”

“नाई बाबा.” तिने झारी खाली ठेवली आणि कुंडीच्या काठावरची माती पदराने पुसली. “रविवारी दर्यापूरचे येऊन राह्यले. तवा ही कुंडी खाली बैठकीतच ठेवू. आल्याआल्या दिसली पायजे.”