कम सेफली

महानंदा नर्स होऊन विलायतेला निघाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, बसलिंगप्पांनी, एकच हट्ट धरला. सोलापूर स्टेशनात चार लोकांदेखत लेकीला निरोप द्यायचा, तो इंग्रजीतच. सगळा जन्म भुसार दुकानाच्या गादीवर गेलेला माणूस. महानंदानं आठ दिवस रोज सकाळी चहा पिताना त्यांच्याकडून दोनच शब्द घोकून घेतले, "गो सेफली." म्हणजे सुखरूप जा.

गाडीनं शिट्टी दिली. अप्पांनी खिडकीचा गज धरला, घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, "कम सेफली."

डब्यातले दोघेतिघे हसले. महानंदा वाकून हळूच म्हणाली, "अप्पा, कम न्हाय, गो. कम म्हंजे ये."

"ठाऊक हाय की," अप्पा म्हणाले.

गाडी हलली. धोतराचा सोगा सावरत ते खिडकीबरोबर चालू लागले. "कम सेफली, महानंदा. कम सेफली." फलाट संपला तिथं ते थांबले, हात मात्र वरच राहिला.

समोरच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "वडिलांचं इंग्रजी जरा कच्चंच राहिलं हो."

महानंदानं पदरानं डोळे पुसले. "त्यांचं कुठलं, माझंच. आमच्या घरात निघालेल्या माणसाला 'जा' कुणी म्हणत नाही, 'ये' म्हणतात. आणि मी आठ दिवस त्यांना 'गो' शिकवत बसले."