पाण्यावरून आलेली हाक

धुकं इतकं दाट होतं की बुरुजावर उभ्या आल्दाला स्वतःचे पायसुद्धा दिसत नव्हते. तिनं घंटेचा दोर दोन्ही हातांनी धरला होता आणि तिच्या मनगटांवर म्हाताऱ्या हुनोचे पंजे होते.

"सोडा, हुनोबाबा. माझा माणूस समुद्रात आहे. घंटा ऐकल्याशिवाय खडक चुकवून येईल कसा तो?"

"आणि ते आले म्हणजे?" कोटाची राखण हुनोकडे होती. तो कुजबुजला, "ऐक जरा."

खाली वल्ह्यांचा आवाज येत होता. खूप वल्ही, एका तालात. उत्तरेचे दर्यालुटारू नदीचं मुख शोधत होते. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात त्यांनी चूल पेटवायलाही माणूस ठेवला नव्हता. इथला कोट म्हणजे नुसते लाकडी खांब, आणि आत गावची बायकापोरं तोंड दाबून बसलेली. तरी दोर आल्दाच्यानं सोडवेना.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"आल्दा! घंटा वाजव गं! आल्दा!"

तिच्या नवऱ्याचा, गिस्लेरचा आवाज. हुनोचे हात सैल पडले. कितीही झालं तरी दगडाचा नव्हता तो. "जवळच आहे की पोरी. दे एक टोला. तो आत आला की पुन्हा गप्प."

चटका बसावा तसा आल्दानं दोर सोडला.

"आता काय झालं? त्याचाच आवाज ना?"

"त्याचाच." तिचे दात वाजत होते. "पण नाव घेतलं त्यानं माझं."

हुनोचा चेहरा पांढराफटक पडला. इथला कोळी नावेत पाय ठेवला की बायकोचं नाव तोंडातून काढत नाही. समुद्र ऐकतो आणि तिला विधवा करतो म्हणतात. गिस्लेर तर इतका भित्रा, की वाळूत पाय रोवल्यावरही आधी इकडेतिकडे बघायचा, मगच तिला नावानं हाक मारायचा.

"म्हणजे त्यांनी त्याला धरून..."

"बोलू नका." आल्दानं दोन्ही हात त्याच्यापुढे केले. "हे घट्ट धरा, बाबा. माझा मला भरवसा नाही."

खाली गिस्लेर हाका मारतच होता. घंटेचं आता त्यानं सोडूनच दिलं होतं. आल्दा, आल्दा, आल्दा, प्रत्येक वेळी जास्त जोरानं.

मग धुक्यातून "आल्" एवढंच आलं.