गाळलेला लोबान

दादाचं पत्र येऊन तीन महिने झाले होते आणि पुस्तक्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र लोबानाच्या डब्याखाली ठेवलं होतं. आता त्यालाही तोच वास लागला होता.

पुस्तक्या हे दादाने लहानपणी पाडलेलं नाव. साठी उलटली तरी पत्राची सुरुवात त्याच नावाने होती.

ओट्यावर त्याने मेणबत्त्यांसाठी लोबानाचे खडे खलात कुटले, कोमट तेलात मुरवले आणि तलम कापडातून दोनदा गाळले. मग लिंबाच्या सालीचं तेल थेंब थेंब घालून वास घेतला.

"कितीदा गाळाल? चहासुद्धा एवढा गाळत नाही कुणी," बायको म्हणाली.

"कण राहिला तर वातीपाशी पेट घेतो. ज्योत उसळते."

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"पुस्तकात नव्हतं."

पुस्तकात एवढंच होतं, की हजारो वर्षांपूर्वी राजांच्या दालनांत हा सुगंध दरवळत असे. सतराव्या वर्षी ते वाचून, वडिलांना चकित करावं म्हणून, त्याने त्यांच्या मेणबत्तीच्या कारखान्यातल्या मेणात गुपचूप लोबानाची कच्ची पूड कालवली होती. प्रत्येक घाण्यातली एक मेणबत्ती जाळून पाहायचं काम दादाचं. दादा पाणी प्यायला उठला. परतला तेव्हा छप्पर पेटलं होतं. वडील शेवटपर्यंत दादाशी बोलले नाहीत. पुस्तक्या पुडीबद्दल कुणाशीच बोलला नाही.

'डॉक्टरांनी हात टेकलेत,' दादाने लिहिलं होतं. 'एकच विचारतो. पाच मिनिटांत साधी मेणबत्ती एवढी कशी भडकली? तुला ठाऊक असेल तर सांग. मी सुखाने जाईन.'

"सख्ख्या भावाशी कसला अबोला हा?" बायको म्हणाली. "चूक कुणाच्याही हातून होते. तो तिकडे वाटेकडे डोळे लावून बसलाय. एवढी पुस्तकं पचवलीत, आणि चार ओळी लिहवत नाहीत?"

"लिहितो."

तीन कागद फाटले. तिन्हींवर मजकूर 'दादा, त्या मेणात मी' इथवर येऊन थांबला होता. चौथा मात्र एका दमात पुरा झाला. बायकोने सोबत एक नवी मेणबत्ती गुंडाळून दिली.

"मनावरचं ओझं उतरलं ना?"

त्याने मान हलवली.

पोस्टातल्या बाईंनी पुडकं हुंगलं. "वा, काय वास आहे! कुणाला पाठवताय?"

"मोठ्या भावाला."

बाईंनी शिक्का मारला. आतल्या कागदावर एकच ओळ होती: 'दादा, चूक कुणाच्याही हातून होते, मी तुला केव्हाच माफ केलंय.'