सफेद्याची डबी

रंगपटात जो तो तोंडाला काजळ फासून घेत होता. चोपन्न साली आम्ही अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांचं नाटक बसवलं होतं. त्यातली काळी नायिका मी. माझी पाळी आली तसा रंगभूषा करणाऱ्या तात्यांनी हात पुसला. “तुला कशाला गं? आहेस तशीच जा.”

एरवी हेच तात्या मला सफेद्याचे दोन थर चढवत, नायिका गोरीच हवी म्हणून. प्रयोगानंतर आई म्हणाली, “आज कुठे स्टेजवर माझी लेक दिसली.”

पुढच्या शनिवारी मी द्रौपदी होते. तात्यांनी सवयीनं सफेद्याची डबी उघडली. मी झाकण परत लावलं.

“नको, तात्या. द्रौपदी काळीच होती.”

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “खरंच की! इतकी वर्षं मी तिला गोरी करत बसलो,” म्हणत ते हसतहसत कुंकू कालवायला लागले.