पाणी कोण भरतं

तिसऱ्यांदा चाकं जागच्या जागी फिरली. सांवेर गावच्या काळ्या मातीत दोन खळगे पडले, कल्टिव्हेटरचे फाळ होते तिथेच रुतून बसले आणि पंचशीलाचा चार दिवसांपूर्वी घेतलेला छोटा ट्रॅक्टर नुसताच कोकलत राहिला.

बांधावर भेरूलाल पटेल गावातल्या चौघांना घेऊन ऐसपैस बसले होते. त्यांना हे शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला हवं होतं आणि पंचशीलाचा धाकटा भाऊ नागसेन ते द्यायला एका पायावर तयार होता. बहिणीशी त्याचं एवढंच ठरलं होतं: आज तिनं स्वतः शेत नांगरून दाखवलं तर ते तिनं करायचं, नाहीतर संध्याकाळी पटेलांना हो म्हणायचं.

"जीजी," पटेल हसत म्हणाले, "ये खिलौना तो म्हारे ट्रैक्टर के आगे पानी भरेगा!"

बांधावरचे चौघे खो खो हसले. नागसेनही हसला, आणि पंचशीलाला सगळ्यात जास्त झोंबलं ते त्याचं हसणं.

"भरेगा," ती म्हणाली. "अभी भरेगा."

फाळ उचलून तिनं ट्रॅक्टर थेट विहिरीपाशी नेला आणि मोटर चालू केली. जॅक लावून मागचं एक चाक उचललं, व्हॉल्व्ह अगदी वर येईपर्यंत फिरवलं, हवा सोडली आणि पर्समधून पितळेची एक टोपी काढली. शहरातल्या राजवाड्यामागची चार दुकानं पालथी घालून आणलेली ती टोपी एका बाजूनं पाईपला बसली, दुसऱ्या बाजूनं व्हॉल्व्हला.

"ताई, टायरमध्ये पाणी?" नागसेन तिच्या कानाशी लागला. "लोग क्या बोलेंगे? आधीच तमाशा झालाय."

"ट्रॅक्टरबरोबरचं पुस्तक वाचलंस तू? मी वाचलंय. तो कमजोर नाहीये, हलका आहे. पाईप धर."

थोडं पाणी गेलं की पाईप काढायचा, कोंडलेली हवा सोडायची, पुन्हा लावायचा. बऱ्याच वेळानं व्हॉल्व्हमधून पिचकारी उडाली आणि नागसेनचा इस्त्रीचा शर्ट ओलाचिंब झाला. मग दुसरं चाक. वर पायपंपानं हवा. पुस्तकाच्या हिशेबानं ट्रॅक्टरचं वजन सव्वाशे किलोनं वाढलं होतं.

तिनं त्याच खळग्यांपाशी फाळ टाकले आणि क्लच सोडला. चाकं क्षणभर थबकली. मग त्यांनी मातीत दात रोवले आणि ट्रॅक्टर निघाला. पंचशीला एवढ्या मोठ्यानं ओरडली की बांधावरचे बगळे उडाले.

"चल ताई, चल!" ओल्या शर्टातला नागसेन ढेकळांतून तिच्यामागे धावत सुटला. पटेलांना हो म्हणायचं आहे, हे तो साफ विसरला होता.

ऊन उतरेपर्यंत सगळं शेत उलटून झालं. पटेल कधीचे बांधावरून उठून आले होते. त्यांनी काठीनं मागच्या टायरवर टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि जरा घुटमळले.

"जीजी, म्हारा लहसुन वाला छोटा ट्रैक्टर भी बहुत फिसले है. कल ले आऊँ?"

पंचशीलानं पर्समधली पितळेची टोपी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ले आओ, पटेल साहब. पर पानी आप भरना."