चार बोटं आभाळ

फ्रेमवाल्या काकांनी फोटो काउंटरवर पालथा केला. मागे तिच्या बाबांच्या अक्षरात एकच शब्द होता : बाद.

"पोरी, हा त्यांनीच नापास केलेला आहे. घरात एकापेक्षा एक फोटो पडलेत आणि तू नेमका हा उचलून आणलास?"

"त्या कशातच बाबा नाहीत, काका."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि फोटो सुलटा केला. वर आभाळच आभाळ, तळाशी जेमतेम जमीन. बाबांचे सगळे फोटो असेच. त्यांत माणूस औषधालाही सापडायचा नाही. दूरवरचा एखादा वाटसरू दिसेनासा होईपर्यंत ते तास तास थांबत. इथे मात्र ऊन पाठीशी होतं आणि त्यांची नजर चुकली होती. खालच्या गवतावर लांबच लांब सावल्या पडल्या होत्या : कॅमेऱ्यावर वाकलेला एक माणूस आणि त्याच्या सदऱ्याचं टोक धरून उभी दोन वेण्यांची मुलगी.

"सरक गं, सावली येतेय तुझी." लहानपणी प्रत्येक सहलीत तिने बाबांकडून हेच ऐकलं होतं. ती सरकायची.

बाबांना जाऊन महिना झाला होता. भिंतीवर लावायला त्यांचा एक फोटो घरात नव्हता. सगळे खण उपसल्यावर हा हाती लागला. सोबत तिने त्यांच्या टेबलावरची जुनी फ्रेम आणली होती. फोटो त्या फ्रेमहून चार बोटं उंच होता.

"त्यात काय," काका म्हणाले, "खालची पट्टी उडवतो. सावल्या गेल्या की फोटो कसा लख्ख!"

"वरून कापा."

"आभाळ?" काकांचा हात थांबला. "अगं, एकदा माझ्या हातून केसभर आभाळ गेलं, तर तुझा बाप वर्षभर या दुकानाची पायरी चढला नव्हता. कसला भांडला होता! आता चार बोटं कापली तर..."

"आता नाही यायचे ते, काका."

काकांनी वरच्या कडेवर पोलादी पट्टी ठेवली, पातं उचललं आणि पुन्हा थांबले.

"जरा सरक, पोरी. सावली येतेय तुझी."

ती सवयीने दोन पावलं मागे झाली. तिथून तिला फोटो दिसत नव्हता. फक्त पात्याचा आवाज येत राहिला.